सर्वांत लांब म्हणजे कोणापेक्षा?

भिलाईच्या पोलाद टाउनशिपमधल्या रुआबांध्यात मुलांना तंत्रज्ञानाची बातमी वाचायला शिकवायची, तर धडा दाराशीच आहे. फळ्यावर एक मथळा लिहायचा : ‘भिलाईत जगातला सर्वांत लांब रूळ, १३० मीटर!’ आणि मुलांना सांगायचं, घ्या आता याची उलटतपासणी.

पहिली शंका लगेच येते. भिलाईहून २६० मीटरचेही रूळ जातात, मग १३० सर्वांत लांब कसा? उत्तर एका शब्दात दडलंय : अखंड. २६० मीटरचा रूळ दोन तुकडे वेल्डिंगने जोडून होतो. १३० मीटरचा मात्र युनिव्हर्सल रेल मिलमधून सलग लाटून निघतो. मथळ्यातून नेमका तोच शब्द गळाला.

दुसरी शंका : हे म्हणतंय कोण? रूळ बनवणारेच. याच छत्तीसगडातल्या रायगढच्या जिंदाल कारखान्यानेही आपल्या १२१ मीटरच्या रुळाला ‘जगातला सर्वांत लांब’ म्हटलं होतं. म्हणजे दाव्याची तारीखही बघायला हवी.

तिसरी शंका सर्वांत मोलाची : लांब असून फायदा काय? पूर्वीच्या १३ मीटरच्या तुकड्यांपासून २६० मीटर करायचे तर २० तुकडे आणि १९ सांधे लागतात. आता सांधा एकच. तडा जाण्याची भीती सांध्यापाशी जास्त, म्हणून सांधे कमी तितकं बरं.

मग कुणीतरी विचारतंच, एवढा रूळ नेतात कसा? मीटरला ६० किलो धरले तर २६० मीटरचे १५,६०० किलो झाले. तो एकामागून एक जोडलेल्या अनेक उघड्या वाघिणींवर आडवा पसरतात, आणि गाडी वळणावर आली की ते पोलाद वेताच्या छडीसारखं वाकतं! तापमान ३० अंशांनी चढलं, तर मोकळा ठेवलेला हा रूळ सुमारे ९ सेंटिमीटर वाढेल. मार्गावर स्लीपर त्याला जखडून ठेवतात. वाढू न शकलेल्या लांबीचा ताण रुळातच कोंडून राहतो.

मथळ्याने नुसता आकडा दिला होता. वाकणारं, ताण पोटात घेऊन पडलेलं पोलाद दिसलं ते शंकांमुळे. उद्या ‘एआयने डॉक्टरांना हरवलं’ अशी बातमी येईल, तेव्हा ही मुलं विचारतील : कोणत्या डॉक्टरांना, कशात, आणि सांगतंय कोण?