विहिरीतला पांढरा खडा

विहिरीचे काम निघाले की मुलांचे लक्ष बाहेर पडलेल्या दगडांच्या ढिगाकडे असते. काळ्या दगडाच्या पोटात एखादा चमकदार पांढरा खडा दिसला की ती धावत घरी येतात, "अम्मी, हिरा सापडला!" रिसोड तालुक्यातले रिठद असो की वाशीम जिल्ह्यातले दुसरे एखादे गाव, हा सारा मुलूख काळ्या दगडाचा. तो खडा हिरा नसतो, पण आग आणि पाणी यांच्या भेटीची ती निशाणी आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचून बेसाल्ट खडक तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी भेगांतून आत मुरले, खोलवर तापले, खडकातले क्षार त्यात विरघळले आणि पोकळ्यांत स्फटिक होऊन बसले. यांतल्याच एका मोठ्या गटाला झिओलाइट म्हणतात.

ही भेट नेहमी अशी शांत नसते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा बेटांजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा राख आणि वाफ ५७ किलोमीटर उंच गेली.

आपल्याकडची आग कधीच विझली. तिचा खडक मात्र आजही आपले पाणी ठरवतो. अखंड काळ्या दगडात पाणी राहत नाही. ते मुरमात, भेगांत आणि छिद्रांच्या थरात राहते. पांढऱ्या खड्यांनी छिद्रे बुजली की तिथेही जागा उरत नाही. म्हणूनच एकाच्या बोअरला पाणी लागते आणि शेजाऱ्याचे हजारो रुपये कोरड्या भोकात जातात.

तेव्हा कर्ज काढून बोअर मारण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. छतावरचे पावसाचे पाणी विहिरीजवळ जिरवा. आणि वजू करताना नळ बारीक ठेवा, कारण या दगडातली जागा मुळातच थोडी आहे.