खांदा मोडला, पण इसार बुडू दिला नाही

जमिनीचा इसार देऊन बसलेल्या माणसाला मुदत म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तारीख जवळ येते, पैसा काही उभा राहत नाही. दिलेली रक्कम तर जातेच, पण ज्या रानावर जीव जडला तेही दुसऱ्याच्या नावावर होतं. आपल्याकडे हे गावोगाव घडतं. अशाच एका मुदतीपायी स्कॉटलंडच्या एका बाईंनी मोडलेल्या खांद्यानिशी पाण्यात उडी घेतली. त्यांचं नाव लेस्ली पॅटरसन. इसार होता तो मात्र जमिनीचा नव्हे, एका पुस्तकाचा.

ही शर्यत कसली?

ट्रायथलॉन म्हणजे एका दमात तीन शर्यती. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, शेवटी पळायचं. मध्ये विसावा नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा हिशेबात धरला जातो. शहरातल्या ट्रायथलॉनमध्ये सायकल आणि पळणं डांबरी रस्त्यावर असतं. लेस्लीबाईंची शर्यत रानातली. उघड्या पाण्यात दीड किलोमीटर पोहणं, मग डोंगराच्या पायवाटांनी तीस किलोमीटरच्या आसपास सायकल आणि शेवटी दगडधोंड्यांतून, चढउतारांवरून दहा-अकरा किलोमीटर धाव. चांगल्या खेळाडूंनाही याला अडीच-तीन तास लागतात.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा म्हणजे एक्सटेरा. १९९६ साली हवाई बेटांपैकी मावी बेटावर ती पहिल्यांदा भरली आणि पुढं तिचीच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. निरनिराळ्या देशांतल्या शर्यतींत वयोगटाप्रमाणे पात्र ठरलेले हौशी खेळाडूही तिथं जातात. त्यामुळे एकाच वाटेवर पोटासाठी खेळणारा पट्टीचा खेळाडू असतो आणि साठी ओलांडलेला हौशी गडीही असतो.

जमीन ओळखणाऱ्याची शर्यत

मावी बेट ज्वालामुखीच्या राखेचं आणि लाव्ह्याच्या दगडांचं. सुरुवातीच्या काळात शर्यतीची वाट हालेआकाला या ज्वालामुखीच्या उतारावरून जायची. तिथं किआवे नावाची काटेरी झाडं आहेत. आपल्या ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली. तिच्या काट्यानं चप्पल कशी आरपार होते ते आपण जाणतोच. मावीवरही याच काट्यांनी भल्याभल्या सायकलवाल्यांची चाकं बसवली. पुढं टायरमध्ये चिकाचा द्राव घालून फिरायची पद्धत रूढ झाली. काटा घुसला की तो द्राव आतून भोक बुजवतो.

२०११ साली ही स्पर्धा त्याच बेटावर कापालुआ इथं गेली. तो भाग एकेकाळी अननसाच्या मळ्यांचा. २००९ च्या अखेरीस तिथल्या जुन्या कंपनीनं अननसाचं पीक थांबवलं होतं. माती तांबडी. पाऊस झाला की ती चाकाला अशी चिकटते की सायकल चालवायच्या ऐवजी खांद्यावर घ्यावी लागते. २०२२ मध्ये स्पर्धा इटलीतल्या मोल्व्हेनो तळ्याकाठी भरली. तिथं काटे नव्हते, पण आल्प्सच्या बाजूचं गार पाणी आणि अंगावर येणारे चढ होते.

म्हणूनच या शर्यतीत नुसती ताकद पुरत नाही. कुठं जमीन धरते, कुठं घसरते, उतारावर ब्रेक कधी दाबायचा आणि कधी सोडायचा, हे कळावं लागतं. अमेरिकेचे नेड ओव्हरेंड १९९८ आणि १९९९ असे लागोपाठ दोनदा इथं जिंकले, तेव्हा त्यांचं वय ४३ आणि ४४ होतं. मूळचे ते डोंगरी सायकलीचे जगज्जेते. विशी-पंचविशीतल्या पोरांना त्यांनी रानवाटेवरच गाठलं. बर्म्युडाच्या फ्लोरा डफी यांनी २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं ही स्पर्धा मारली आणि पुढं २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्या देशाचं ते पहिलंच सुवर्ण. त्या देशाची वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही.

लंगडी बाजू पाण्याची

लेस्लीबाई स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या. लहानपणी मुलांच्या संघात रग्बी खेळायच्या. वय वाढलं तसा नियम आडवा आला, तेव्हा त्या पळण्याकडे आणि ट्रायथलॉनकडे वळल्या. सायकल आणि धाव उत्तम, पण पोहणं कच्चं. डांबरी ट्रायथलॉनमध्ये पाण्यात मागं पडलं की पुढचा घोळका हाताला लागत नाही. तिथं त्यांची डाळ शिजली नाही. काही काळ त्यांनी खेळच सोडला, अमेरिकेत सॅन दिएगोला नाटकाचं शिक्षण घेतलं. परत आल्या त्या रानातल्या शर्यतीत. इथं पाण्यात गेलेला वेळ डोंगरावर भरून काढता येतो. २०११, २०१२ आणि २०१८ अशी तीन वेळा त्यांनी एक्सटेराचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. मध्यंतरी लाइम नावाच्या आजारानं त्यांना बेजार केलं. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो. रानात वावरणाऱ्याच्या नशिबी असले भोग येतातच.

पुस्तकाचा इसार

आता मुख्य गोष्ट. पहिल्या महायुद्धात लढलेले जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपानं आली. शाळेतली पोरं मोठ्या उमेदीनं लढाईवर जातात आणि चिखलात मरतात, अशी ती कहाणी. आपल्याकडेही काही गावांत १९१४ ते १९१९ च्या लढाईला गावातून किती जण गेले आणि किती परत आले नाहीत, हे सांगणारी दगडी पाटी अजून दिसते.

या कादंबरीवर नवा सिनेमा काढावा हे लेस्लीबाईंच्या आणि त्यांचे जोडीदार लेखक इयन स्टोकेल यांच्या मनानं घेतलं. २००६ साली त्यांनी तिचा हक्क राखून घेतला. अशा हक्कासाठी दरसाल पैसे भरावे लागतात. वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. एक वर्ष चुकलं की हक्क मोकळा झाला, मग कोणीही यावं आणि घ्यावा. सिनेमाला पैसा लावणारा भेटेना आणि हप्ता तर थांबेना. तो भागवायला त्यांच्याकडे एक साधन होतं, शर्यतीच्या इनामाचा पैसा. जत्रेतल्या फडावर इनामाची कुस्ती मारून घर चालवणारे पैलवान आपण पाहिले आहेत. तसंच हे.

आदल्या दिवशी पडल्या

२०१५ च्या सुमाराची गोष्ट. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात शर्यत होती. हप्त्याची तारीख तोंडावर आलेली आणि भरवसा इनामावर. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्या सायकलवरून पडल्या आणि खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या कोणी सामान बांधलं असतं. त्यांचे पती खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारे. एका हातानं पोहण्याचा सराव तुला आहेच, तेव्हा एका हातानं पोहून बघ, असं त्यांनी सुचवलं.

आणि बाई उतरल्या. एक हात अंगाशी, दुसऱ्यानं पाणी मागं सारत दीड किलोमीटर. आधीच पोहण्यात कच्च्या, त्यात एकच हात. बाहेर आल्या तेव्हा पुढच्या बाया केव्हाच सायकलवर निघून गेलेल्या. मग दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांच्या जोरावर दगडाधोंड्यांतून सायकल हाणली, एकेकीला मागं टाकलं आणि पळण्याचा टप्पा संपला तेव्हा पहिला नंबर त्यांचाच होता. इनाम मिळालं, हप्ता भरला गेला, हक्क शाबूत राहिला.

शेवट काय झाला?

शेवटी २०२२ मध्ये जर्मन भाषेत तो सिनेमा आला. म्हणजे पहिल्या हप्त्यापासून सोळा वर्षांनी. २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा सोहळ्यात त्याला सात पुरस्कार मिळाले. त्यातला एक रूपांतरित पटकथेचा, दिग्दर्शक एडवर्ड बर्गर, लेस्लीबाई आणि स्टोकेल या तिघांना मिळून. त्याच वर्षी ऑस्करमध्ये सिनेमानं चार पुरस्कार पटकावले. पटकथेचं ऑस्कर मात्र हुकलं, नुसतं नामांकन झालं.

मोडलेलं हाड घेऊन कामाला लागावं, असा अर्थ यातून कोणी काढू नये. हाड मोडलं तर दवाखाना गाठावा हेच शहाणपण. गोळी दुखणं झाकते, हाड जोडत नाही. बाईंनी केलं ते धाडस होतं आणि ते अंगाशीही आलं असतं.

पण एक गोष्ट शेतकरी बंधूंनी ध्यानात घेण्यासारखी आहे. एक हात गेल्यावर त्या गेलेल्या हाताचा हिशेब मांडत बसल्या नाहीत. उरलेला हात आणि दोन धड पाय यांत काय बसतं ते त्यांनी पाहिलं. पाण्यात तोटा होणार हे धरूनच चालल्या, आणि तो तोटा कुठल्या चढावर भरून निघेल ते त्यांना ठाऊक होतं. पेर वाया गेली की उरलेल्या ओलीवर कुठलं पीक येईल, याचा हिशेब आपल्यालाही दर दोन-चार वर्षांनी करावाच लागतो. फरक इतकाच की आपल्या शर्यतीला टाळ्या वाजवायला कोणी उभं नसतं. मुदत मात्र दोघांनाही सारखीच.