वीज पडलेल्या जागी जमिनीत काय तयार होते? सोने नाही, काच!

जठारपेठ (अकोला) : वावरात वीज पडली की दुसऱ्या दिवशी त्या जागी माणसे जमतात. कोणी म्हणते खाली विजेचा गोळा आहे, कोणी म्हणते धातू आहे अन् तो लाखात जातो. जमिनीत काहीतरी तयार होते हे खरे, पण ते वेगळेच असते.

विजेच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंश सेल्सिअस तापते. गारगोटीची वाळू वितळायला १,७०० अंशांच्या आसपास पुरतात. वाळूत वीज शिरली की वाटेतले कण वितळतात, आतली हवा अन् वाफ फुगते, आणि लगेच थंड होऊन काचेची पोकळ नळी उरते. बाहेरून खरबरीत, आतून गुळगुळीत, झाडाच्या मुळीसारखे फाटे फुटलेली. हिला फल्गुराइट म्हणतात. जोरात धरली तर हातातच मोडते.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चिकणमाती जास्त, गारगोटीची वाळू कमी. त्यामुळे वाळवंटातल्यासारखी नळी आपल्याकडे सहज सापडत नाही. मात्र चिकणमातीतही काच होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ग्लेन एलिन येथे २०१६ मध्ये अशा जमिनीत वीज पडली. त्या काचेत श्रायबरसाइट हे लोह, निकेल अन् स्फुरदाचे खनिज निघाले. एरवी ते उल्केत दिसते. स्फुरद म्हणजे आपण डीएपीतून देतो तेच. या खनिजातले स्फुरद पाण्यात मोकळे होऊ शकते. पृथ्वीवर पहिले जीव घडताना लागलेले स्फुरद विजांनीही पुरवले असावे, असे २०२१ च्या अभ्यासात मांडले गेले. म्हणून कोणी डीएपी कमी करू नये, हे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात! फ्लोरिडात तर वीज पडलेल्या झाडाच्या मुळाशी आधी न दिसलेला स्फुरदाचा पदार्थ मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.

वितळलेल्या खडकाची काच जवळ लोणारलाही आहे, पण ती विजेने नाही, उल्केच्या धडकेने झाली.

आता खरी काळजीची गोष्ट, 'राईस पुलर'. जुन्या तांब्याच्या भांड्यावर वीज पडली, त्यात इरिडियम झाले, ते तांदूळ ओढते अन् कोट्यवधीला विकते, असे सांगून 'तपासणी'साठी आधी पैसे मागतात. वीज तांबे वितळवू शकते, पण तांब्याचे इरिडियम करू शकत नाही. तांदळाला लोखंडाचा कीस लावला अन् भांड्यात चुंबक लपवला की दाणे ओढले जातात, एवढीच ती करामत. असा फोन आला तर पैसे न देता पोलीस ठाण्यात कळवावे.

वीज पडलेली जागा पाहायला जायचे असेल तर शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाऊ द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घेतले तर आसपास वीज पडते आहे का ते कळते.