सात बहिणी, एक भाऊ आणि डप्पू

हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात, म्हणजे २००० साली आलेल्या 'गॉब्लेट ऑफ फायर'मध्ये, हॉगवर्ट्सच्या शाळेत नाताळला नाचाचा समारंभ ठरतो आणि हेडमास्तर डम्बलडोर त्यासाठी एक बँड बोलावतात. बँडचं नाव 'द वीअर्ड सिस्टर्स'. नाव बहिणींचं, पण सगळे बाप्ये. केस अस्ताव्यस्त वाढलेले, अंगात मुद्दाम फाडलेले काळे झगे. ड्रम, गिटारी, ल्यूट, चेलो आणि वर बॅगपाइप, असा सरंजाम. जादूगारांच्या रेडिओवर त्यांचा इतका बोलबाला की शाळेतली मुलं ते येणार म्हणूनच वेडी झालेली. हॅरीने मात्र त्यांचं नावही ऐकलेलं नसतं, कारण तो वाढलेला बिनजादूच्या घरात, जिथे हा रेडिओच नाही. पुढच्या पुस्तकात टॉंक्स ही झिपरी, गुलाबी केसांची तरुणी याच बँडचं नाव छापलेला जांभळा टी-शर्ट घालून स्टेशनवर येते. रोलिंगबाईंनी त्यांना जेमतेम पानभर जागा दिली असेल, पण वाचकांना आठही जणांची नावं ठाऊक आहेत: मायरन वॅगटेल गातो, ऑर्सिनो थ्रस्टन ड्रम वाजवतो, गिडियन क्रंब बॅगपाइप फुंकतो.

२००५च्या चित्रपटात या भूमिका खऱ्याच वादकांनी केल्या. 'पल्प'चे जार्विस कॉकर आणि स्टीव्ह मॅकी, 'रेडिओहेड'चे जॉनी ग्रीनवुड आणि फिल सेलवे. त्याआधीच कॅनडातल्या विनिपेग शहराच्या एका लोकसंगीत गटाने कोर्टात धाव घेतली होती. स्पेलिंग थोडं वेगळं असलं तरी नाव त्यांचंही हेच होतं. शेवटी पडद्यावर बँडचं नाव कुणीच उच्चारत नाही. जो बँड कधी अस्तित्वातच नव्हता, त्याच्या नावासाठी खऱ्या बँडला वकील लावावा लागला.

हे सगळं सांगायचं कारण अंबरपेठ. काचीगुड्याच्या पूर्वेला, मुसी नदीच्या उत्तर काठाकडे पसरलेली हैदराबादची ही जुनी वस्ती. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या कानावर आषाढात अंबरपेठच्या महांकाळीच्या वाजंत्रीचा आवाज पडलेला असतो. जादूच्या दुनियेतला बँड पुस्तकाबाहेर शोधायचा असेल तर तो इथे सापडतो. लोक त्याच्या तालावर नाचतात, त्याच तालावर कुणाच्या अंगात देवी येते. हा बँड खरा आहे, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

बोनालूचा उत्सव आषाढात गोळकोंड्याच्या किल्ल्यातल्या जगदंबेपासून सुरू होतो. मग पाळी येते सिकंदराबादच्या उज्जैनी महांकाळीची, मग जुन्या शहरातल्या लाल दरवाजाची. त्याच सुमाराला अंबरपेठेसह शहरभरच्या देवळांचे रविवार लागतात. बायका नव्या मडक्यात दूध-गुळाचा भात रांधतात, मडक्याला हळदकुंकवाने आणि कडुनिंबाच्या डहाळ्यांनी सजवतात, वर दिवा लावतात आणि ते डोक्यावर घेऊन देवळाकडे निघतात. कागद आणि बांबूच्या कामट्यांचे रंगीत तोट्टेलू मिरवत येतात. सोमवारी रंगम होतं. कच्च्या मातीच्या मडक्यावर उभी राहून एक बाई येत्या वर्षाचं भाकीत सांगते: पाऊस कसा पडेल, रोगराई येईल की टळेल. २०१४मध्ये तेलंगणा वेगळा झाल्यावर हा राज्याचा सण ठरला.

मुळाची कथा रोगाची आहे. १८१३मध्ये या भागात साथीने माणसं पटापट मरत होती. हैदराबादहून उज्जैनला गेलेल्या पलटणीतल्या सुरिटी अप्पय्या या डोलीवाहकाने तिथल्या महाकाळीला नवस बोलला, साथ ओसरली आणि परत येऊन त्याने १८१५मध्ये सिकंदराबादेत देवीची लाकडी मूर्ती बसवली, असं सांगतात. मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. पटकीच्या दिवसांत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडणारी माणसं आपल्याकडेही होतीच.

तसाच आपला पोतराज. कमरेला चिंध्यांचा किंवा खणांचा घेर, पायांत घुंगरू, हातात आसूड, मागे डोक्यावर देव्हारा घेतलेली बायको ढोलकं घुमवत असते. तेलंगणात तो पोतराजू होतो आणि त्याचा थाटच बदलतो. देवी इथे एकटी नाही. पोचम्मा, एल्लम्मा, मैसम्मा, पेद्दम्मा, महांकालम्मा अशा त्या सात बहिणी, आणि पोतराजू त्यांचा धाकटा पाठीराखा भाऊ. हळदीने माखलेलं उघडं अंग, लाल काचा, कमरेला कडुनिंब, कपाळभर कुंकू, डोळ्यांत काजळ आणि हवेत कडाडणारा आसूड. अलीकडे व्यायामशाळेत पीळ कमावलेली पोरं पोतराजू होतात. रस्त्यावरचे सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळतात, आणि त्या फोटोंच्या कडेला, अर्धवट कापलेल्या हाताइतकाच, दिसतो तो वाजवणारा.

त्याच्या हातातलं वाद्य म्हणजे डप्पू. साधारण दीड फूट व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूने बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं, दुसरी बाजू उघडी. खांद्याला अडकवून छातीशी धरायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. उजव्या हातातली आखूड जाड काडी म्हणजे सिर्रा, डाव्या हातातली बारीक लवचीक ती सिटिकेन पुल्ला. जाड काडीने ठोका पडतो, बारीक काडी त्याच्या फटीत तडतड भरते. आपली हलगी डप्पूचीच सख्खी बहीण. आषाढात हवा ओली असते, कातडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून मिरवणूक निघण्याआधी रस्त्याच्या कडेला कागद-काटक्या पेटवतात, डप्पू जाळाजवळ धरतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतात. स्वर चढला की थांबायचं. जास्त तापवलं तर कातडं फाटतं. गिटारवाला मंचावर तारा जुळवतो तेव्हा सगळे गप्प बसून पाहतात. हे जुळवणं मात्र कुणी पाहत नाही, कारण ते गटाराच्या कडेला चाललेलं असतं. आता कातड्याऐवजी प्लॅस्टिकचा पडदाही बसवतात. त्याला पाऊस बाधत नाही, पण खालचा घुमारा त्यात उतरत नाही, असं माझ्या कानाला वाटतं.

डप्पूचा प्रत्येक प्रसंगाचा ठेका वेगळा. त्याला दरुवू म्हणतात. मयताचा निराळा, लग्नाचा निराळा, दवंडीचा निराळा आणि देवीचा निराळा. गावात लांबून ठोका ऐकूनच काय घडलं ते कळायचं. देवीच्या दरुवूचं काम सर्वांत नाजूक, कारण समोर एखाद्या बाईच्या अंगात येऊ लागलेलं असतं. तेलंगणात याला शिगम म्हणतात. केस सुटतात, मान फिरू लागते. वाजवणारा आता गर्दीकडे पाहत नाही. त्याची नजर तिच्या खांद्यांवर आणि पावलांवर. ती वेग धरते तसा तो लय चढवतो, ती कोसळायच्या बेतात आली की उतरवतो. वीअर्ड सिस्टर्सनी आधी संथ, उदास सूर लावला आणि मग उडती गाणी सुरू केली, एवढंच त्यांचं नियोजन. इथे गडबड झाली तर माणूस रस्त्यावर पडतो. श्रद्धा असो वा नसो, हे कौशल्य नाकारता येत नाही. माझी श्रद्धा फारशी नाही, पण ठोक्यावर माझा संशय नाही.

मिरवणुकीत सगळे नाचतात तो ठेका मात्र देवीचा नाही. तो तीनमार. नावाप्रमाणे तीन ठोक्यांचा, हैदराबादचा हुकमी. त्याचं मूळ मरफ्यात सांगतात, आणि मरफा आला समुद्रापलीकडून. निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाच्या घोडेस्वारांची पलटण होती. तिच्यामुळेच शहरातल्या एका वस्तीचं नाव ए. सी. गार्ड्स, म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स, पडलं. ही सिद्दी मंडळी आणि येमेनच्या हद्रमौत प्रांतातून आलेले, बारकसला वसलेले अरब यांनी नगाऱ्याच्या जातीचा मरफा, डफ आणि लाकडी काड्यांनी बडवायच्या भांड्यांचा हा ताल शहरात रुजवला. मुसलमानांच्या वरातीत वाजता वाजता तो हिंदूंच्या लग्नांत, गणपतीत आणि बोनालूत शिरला, आणि आता तो कुणाचा हा प्रश्न हैदराबादेत कुणी विचारत नाही. पवन कल्याणच्या २०११च्या तेलुगू चित्रपटाचं नावच 'तीन मार' होतं. म्हणजे अंबरपेठेच्या चौकात पोतराजू ज्यावर आसूड फिरवतो तो ताल अर्धा आफ्रिका-अरबस्तानातला. रोलिंगबाईंनी जादूगारांच्या रॉकमध्ये स्कॉटिश बॅगपाइप घातला तेव्हा वाचकांना गंमत वाटली होती. खऱ्या मिश्रणाची गंमत त्याहून मोठी आहे.

तंतुवाद्यही आहे, तेही जादूच्या कामाचं. बैंडला समाजाची मंडळी एल्लम्माची कथा लावतात तेव्हा जमिडिका वाजवतात. पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडं, त्यातून ओवलेली तार, तार ताणत-सैल करत छेडायची. माहूर-सौंदत्तीच्या वाटेवर ज्यांनी चौंडकं ऐकलंय त्यांना ते वाद्य लगेच ओळखू येईल. आवाजही तसाच, बोलता बोलता हुंदका दिल्यासारखा. ओग्गू कथा सांगणाऱ्या लोककलावंतांचे ढोल वेगळे, जाडजूड आणि गंभीर. जनगाव भागातल्या चुक्का सत्तय्यांनी (मृत्यू २०१७) ही कला देवळाच्या अंगणातून मोठ्या मंचांवर नेली. बोनालूच्या मिरवणुकांत ओग्गूचे ढोलही घुमतात, मागून ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाली बँड पार्टी येते. सगळं एकाच वेळी वाजतं. सूर जुळतात असा दावा कुणी करत नाही.

आता नावाचा प्रश्न. डप्पू वाजवणारे बहुतेक मादिगा समाजाचे. कातडं कमावायचं त्यांनी, वाद्य करायचं त्यांनी, मेलेलं जनावर ओढायचं त्यांनी, आणि सणाला वाजवायचंही त्यांनीच. देवीला त्यांचा ठोका लागतो, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना उभं राहायची जागा देवळाबाहेरच होती. आपल्याकडे मातंगांच्या हलगीची कथा याहून निराळी नाही. फरक पुढे पडला. महाराष्ट्रात आंबेडकरी चळवळीने गावकीची लादलेली कामं सोडा असं बजावलं. पोतराजांचे केस कापून त्यांना त्या जगण्यातून बाहेर काढणारे कार्यकर्ते उभे राहिले, आणि हलगी बऱ्याच घरांतून खाली उतरली. तेलंगणात तेच वाद्य उलट उंच धरलं गेलं. लोकशाहीर गद्दर (मृत्यू ६ ऑगस्ट २०२३) घोंगडी पांघरून, पायांत घुंगरू बांधून गायचे तेव्हा साथीला डप्पू असायचा. मंदा कृष्णा मादिगांनी १९९४मध्ये उभारलेली अनुसूचित जातींच्या आरक्षणाच्या वर्गीकरणाची चळवळ दंडोरा, म्हणजे दवंडी, या नावानेच ओळखली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ला असं वर्गीकरण मान्य केल्यानंतर, कायदा लवकर व्हावा म्हणून त्यांनी हैदराबादेत लाख डप्पू आणि हजार गळे जमवण्याची हाक दिली. या दोन वाटांपैकी कोणती बरोबर, हे बाहेरून सांगणं उद्धटपणाचं होईल. जे वाद्य गळ्यात जबरदस्तीने अडकवलं होतं ते फेकून देण्यातही मान आहे. पण चळवळीने हाती घेतलेला डप्पू देवळासमोर आला की पुन्हा बिननावाचा होतो, हे मला खटकतं. उत्सवाच्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे असतात, वर्गणीदारांची यादी असते. वाजवणाऱ्यांची नावं मी कुठल्याच फलकावर पाहिलेली नाहीत.

मधल्या काळात डीजेने त्यांचा धंदाच बसवला होता. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, आणि त्यातून वाजतो तोही बहुधा तीनमारच, फक्त यंत्रातला. यंत्राला समोरच्या बाईचे खांदे दिसत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ला हैदराबाद पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांत डीजेवर बंदी घातली. कारण अर्थातच आवाजाच्या त्रासाचं होतं, डप्पूवाल्यांची कणव कुणाला आली नव्हती. तरी ही बंदी नेटाने पाळली तर सर्वांत जास्त फायदा त्यांचाच व्हावा. नेटाने पाळली तर, हे महत्त्वाचं, कारण मिरवणुकीत नियम वाकवण्याची कला दोन्ही तेलुगू राज्यांत आणि महाराष्ट्रात सारखीच अवगत आहे.

अंबरपेठेला जायचं असेल तर नांदेड-परभणीकडच्या वाचकांना सोपं आहे. मराठवाड्याच्या कित्येक गाड्या काचीगुड्याला थांबतात आणि तिथून रिक्षाने फार वेळ लागत नाही. आषाढातला रविवार निवडा, तारीख आधी विचारून घ्या, कारण दरवर्षी ती बदलते. देवळाच्या रांगेत शिरण्यापूर्वी रस्त्याकडेच्या जाळाजवळ डप्पू तापवणारी मंडळी शोधा, वाजवणं आवडलं तर पैसे त्यांच्याच हातात द्या, आणि त्यांचं नाव विचारा.