झुंबर
छतास साखळीने किंवा दांड्याने टांगलेला, अनेक फाट्यांचा व शोभिवंत घडणीचा दीपसमूह. मराठीत फुलाफळांच्या लोंबत्या घोसालाही झुंबर म्हणतात. बहाव्याच्या पिवळ्या फुलोऱ्यास हा शब्द योजला, की तो अलंकारिक वाटतो. तथापि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तोच अर्थ मुळाशी अधिक जवळचा आहे.

व्युत्पत्ती : हिंदी झूमना (डोलणे), झूमर, झुमका आणि मराठी झुबका, झुंबर हे शब्द एका कुळातले दिसतात. अशा शब्दांची गणना सामान्यतः देश्य शब्दांत होते. हिंदी झूमर हा शब्द दीपसमूहाखेरीज स्त्रियांच्या एका शिरोभूषणाचा व एका लोकनृत्याचाही वाचक आहे. या सर्व अर्थांत लोंबणे, डोलणे व घोस या कल्पना आढळतात. प्रकाशाची कल्पना त्यांच्या मुळाशी नाही. देवघरातील लामणदिव्याचे नावही त्याच्या लोंबण्यावरूनच पडले आहे.

अन्य भाषांतील नावे मात्र बहुधा प्रकाशाशी निगडित आहेत. इंग्रजी ‘शँडेलियर’ हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘कांडेला’ (मेणबत्ती) हे आहे. ‘कांडेला’ ज्या धातूपासून झाला, त्याचे संस्कृत ‘चंद्र’ शब्दाशी नाते आहे. यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला असे मानणे चुकीचे ठरेल. दोन्ही शब्द एका प्राचीन इंडो-यूरोपीय मूळाचे स्वतंत्र वंशज होत. मराठी ‘फाणस’ (कंदील) हा शब्द फार्सी ‘फानूस’वरून आला, त्याचे मूळ ग्रीक ‘फानोस’ असून तोही संस्कृत ‘भानु’चा दूरचा आप्त आहे. फार्सीतील ‘चिहिलचिराग’ म्हणजे ‘चाळीस दिवे’. आधुनिक फ्रेंचमध्ये ‘शांदेलिए’ म्हणजे मेणबत्तीचे उभे घर. टांगत्या झुंबरास ‘ल्युस्त्र’ म्हणतात. भाषांतरकाराने हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इतिहास : मध्ययुगीन यूरोपात चर्चमध्ये चक्राकार झुंबरे टांगीत. जर्मनीतील आखेन येथील कॅथीड्रलला सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा याने बाराव्या शतकात अर्पण केलेले, ४८ मेणबत्त्यांचे झुंबर अद्याप तेथे आहे. यान व्हान आयिक याच्या १४३४ च्या ‘आर्नोल्फीनी’ चित्रात एका घरातील पितळी झुंबर दिसते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ च्या सुमारास शिसेयुक्त काच तयार केली. तिचा अपवर्तनांक अधिक असल्याने तिच्या पैलूदार लोलकांतून प्रकाश विखुरतो व रंगांची झळाळी उमटते. थोड्या ज्योतींचा उजेडही त्यामुळे मोठा भासतो.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची झुंबरे भारतीय संस्थानिकांच्या वाड्यांत आली. मराठीत ‘हंड्या-झुंबरे’ ही जोडी श्रीमंती सजावटीची वाचक बनली. यांतील हंडी म्हणजे टांगत्या दिव्याचे भांड्यासारखे काचपात्र. ग्वाल्हेर येथे जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये बांधून पूर्ण केलेल्या जयविलास राजवाड्यातील दोन झुंबरे प्रत्येकी सु. साडेतीन टन वजनाची असल्याचे सांगतात. ती टांगण्यापूर्वी छताची बळकटी अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका आहे.

मेणबत्तीची जागा वायुदीपाने व पुढे विजेच्या दिव्याने घेतली, तेव्हा इंग्रजीत ‘गॅसोलियर’ व ‘इलेक्ट्रोलियर’ हे शब्द घडविण्यात आले. परंतु ते फारसे टिकले नाहीत. आज विजेच्या दीपसमूहालाही तेथे मेणबत्तीचेच नाव आहे. मराठी शब्दापुढे ही अडचण आली नाही. ज्योत कशाची आहे याचा झुंबर या नावाशी संबंधच नसल्याने इंधन बदलले, तरी ते नाव यथार्थ राहिले.