विद्यापीठातील लैंगिक छळाची तक्रार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातील उच्च शिक्षण संस्थांमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींची हाताळणी मुख्यतः दोन तरतुदींनुसार होते : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) मे २०१६ मध्ये अधिसूचित झालेले विनियम. या दोहोंची पूर्वपीठिका सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सापडते. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करून कारवाईची शिफारस करणारी वैधानिक समिती, असणे बंधनकारक आहे. मात्र तिचे अधिकार आणि त्यांच्या मर्यादा यांविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : समितीकडे तक्रार केल्यावर पोलिसांत जाता येत नाही.

वस्तुस्थिती : हे दोन स्वतंत्र मार्ग असून ते एकाच वेळी चालू शकतात. समिती संस्थेच्या सेवानियमांनुसार व शिस्तनियमांनुसार कारवाई सुचवते, तर बलात्कारासारख्या गुन्ह्याचा तपास पोलीस करतात आणि शिक्षा न्यायालय देते. पीडितेला फौजदारी तक्रार करायची असल्यास तिला साहाय्य करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. अशी तक्रार 'झिरो एफआयआर'च्या स्वरूपात, म्हणजे हद्दीचा प्रश्न उपस्थित न करता, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, आणि बलात्कारपीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास मात्र 'पॉक्सो' कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे ऐच्छिक राहत नाही.

गैरसमज : समिती म्हणजे प्रशासनच, प्रकरण आपसात मिटवणे हेच तिचे काम.

वस्तुस्थिती : विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरील व्यक्तींना समितीत बसता येत नाही. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला अध्यापक असते, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत, एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. सामोपचाराचा प्रयत्न केवळ तक्रारदाराने मागणी केल्यास करता येतो आणि पैशाची तडजोड हा त्याचा आधार होऊ शकत नाही.

गैरसमज : साक्षीदार नसेल तर तक्रार टिकत नाही, उलट तक्रारदारालाच शिक्षा होते.

वस्तुस्थिती : ही चौकशी फौजदारी खटला नसल्यामुळे तेथे वाजवी संशयापलीकडची सिद्धता अपेक्षित नसते, दोन्ही बाजूंची कथने, संदेश आणि परिस्थिती एकत्र पाहता घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे का, एवढेच तपासले जाते. तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी ठरणे नव्हे, हे कायद्यातच नमूद असून, दुष्ट हेतू चौकशीअंती प्रस्थापित झाल्याशिवाय तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते.

गैरसमज : हे नियम आवारापुरते आणि विद्यार्थिनींपुरतेच आहेत.

वस्तुस्थिती : वसतिगृह, संस्थेची बस, शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट आणि प्रशिक्षणाचे ठिकाण हे सारे विनियमांच्या कक्षेत येते, आणि काही पुरुष व तृतीयलिंगी विद्यार्थ्यांनाही छळाचा धोका असतो, ही बाब विनियमांनी स्पष्टपणे मान्य केली आहे. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीच्या दृष्टीने अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी चालू असतानाचे संरक्षण, विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्या काळात तिच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन करण्यास त्या व्यक्तीला मनाई करता येते.

गैरसमज : विद्यार्थिनींच्या वसतिगृहाचे दार लवकर बंद केले की सुरक्षितता साधते.

वस्तुस्थिती : सुरक्षिततेचे कारण पुढे करून विद्यार्थिनींवर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे निर्बंध लादू नयेत आणि सुरक्षा धोरणाचे रूपांतर पाळतीत होऊ नये, असे विनियम सांगतात. पुरेसा उजेड, विश्वासार्ह वाहतूक, समुपदेशन आणि समिती सदस्यांची नावे व संपर्क ठळकपणे लावणे ही संस्थेची जबाबदारी आहे.

गैरसमज : निकाल जितका झटपट, तितका न्याय चांगला.

वस्तुस्थिती : चौकशीला नव्वद दिवसांची मुदत आहे, परंतु आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारीची प्रत, उत्तराची संधी आणि बाजू मांडण्यास पुरेसा अवधी मिळणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व त्या मुदतीतही पाळावेच लागते. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्धच्या तक्रारींत २००९ मध्ये समितीने सुनावण्या घाईने उरकल्या, आणि याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्याच्या बडतर्फीचा निर्णय रद्द करून चौकशी पुन्हा करण्याचा आदेश दिला. आरोप खरे की खोटे हा मूळ प्रश्न त्यामुळे चौदा वर्षांनंतरही अनिर्णित राहिला. प्रक्रियेतील घाईची किंमत अशा रीतीने अखेर तक्रारदारांनाच मोजावी लागते.