निळी जीभ: पाऊस ओसरला, मेंढरं सांभाळा



पाऊस ओसरला की चिखलात, ओल्या शेणात बारीक चिलटं वाढतात. तीच ‘ब्लूटंग’, म्हणजे निळ्या जिभेच्या रोगाचा विषाणू पसरवतात. देशातली पहिली नोंद 1964 साली आपल्या महाराष्ट्रातलीच.

मेंढीला जोराचा ताप येतो, ओठ-तोंड सुजतं, नाक गळतं, तोंडात जखमा होतात, ती लंगडते. जीभ दरवेळी निळी पडेलच असं नाही. म्हणून लाळ्या-खुरकूत समजून घरगुती इलाज करत बसू नका.

खरी मेख पुढं आहे. गाय-म्हैस वरून ठणठणीत दिसते, पण तिच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो. चिलट तिला चावून मेंढीला चावलं, की रोग पोचला.

✅ रानात खतासाठी मेंढरं बसवताना ओढ्याकाठचं ओलं वावर टाळा, उंच कोरडी जागा धरा.
✅ सांजेपासून पहाटेपर्यंत मेंढरं गुरांपासून लांब ठेवा.
✅ आजारी मेंढी सावलीत ठेवा, मऊ चारा द्या. पेज समोर ठेवा, घशात ओतू नका.
✅ लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या.

माणसाला हा रोग होत नाही. लक्षणं दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 ला फोन लावा.